ऑस्ट्रेलियातल्या ब्रिटिश कैद्याचं आयुष्य कसं होतं? मालक कोण मिळाला, ते आधी विचारा

प्रश्न असा आहे: "मुलाकडे मेलबर्नला आलो होतो, तेव्हा टास्मानियातलं पोर्ट आर्थर बघितलं. अंगावर काटा आला. ब्रिटिशांनी ऑस्ट्रेलियात धाडलेल्या सगळ्याच कैद्यांचे असे हाल झाले का? आपल्या काळ्या पाण्यासारखंच होतं का हे?"

काका, पोर्ट आर्थर बघून आलेला प्रत्येक जण हेच विचारतो. तुम्ही तिथलं 'सेपरेट प्रिझन' पाहिलं असणार. कैद्याला नावाऐवजी नंबर, कोठडीबाहेर पडताना तोंडावर टोपडं, आणि प्रार्थनेलासुद्धा शेजारचा दिसू नये म्हणून फळ्यांचे खण. ते सगळं खरं आहे. पण पोर्ट आर्थर ही मुख्यतः शिक्षेतल्या शिक्षेची जागा होती. इथे येऊन पुन्हा गुन्हा केला, पळून जायचा प्रयत्न केला किंवा मालकाला उलट बोलून वारंवार मॅजिस्ट्रेटपुढे उभं राहावं लागलं, की मग पोर्ट आर्थर, मॅक्वारी हार्बर नाहीतर नॉरफोक बेट. १७८८ ते १८६८ या ऐंशी वर्षांत सुमारे १,६२,००० कैदी आले. त्यातल्या बहुतेकांनी या जागा कधी पाहिल्याही नाहीत.

मी सिडनीत गेली वीसएक वर्षं लोकांना त्यांच्या कैदी पूर्वजांच्या नोंदी शोधून आणि वाचून द्यायचं काम करतो. पूर्वी घरात कैदी निघाला की तो झाकून ठेवत. आता निघाला की पेढे वाटायचेच काय ते बाकी असतात. आणि त्या पणजोबांच्या पायात बेड्या नव्हत्या, ते कुणाच्या तरी मळ्यावर मेंढ्या राखत होते असं सांगितलं, की मंडळींचा चेहरा पडतो.

काळ्या पाण्याचं म्हणाल, तर कायद्याच्या भाषेत शिक्षा एकच. समुद्रापार हद्दपारी. आपल्या दंडसंहितेतूनसुद्धा तो शब्द १९५५ च्या दुरुस्तीने गेला आणि त्या जागी जन्मठेप आली. शिक्षेचा बराच भाग नीट भरला की अंदमानात 'टिकट' मिळून कैद्याला बाहेर वस्तीत राहता येई. ते टिकट ऑस्ट्रेलियात त्याच्या कितीतरी आधीपासून चालू होतं. हिंदुस्थानात कोर्ट मार्शल झालेले गोरे सैनिकही इथे पाठवले जात. पण सेल्युलर जेल, कोलू, काथ्या हे चित्र डोळ्यांपुढे ठेवून इकडे पाहिलंत तर फसाल. इथे बहुतेक कैद्यांभोवती भिंतच नव्हती. सरकार त्यांना खासगी मालकाच्या हवाली करत असे, आणि पुढची सगळी वर्षं तो मालक कसा निघतो यावर जात.

नुसतं सांगून हे पटत नाही, म्हणून मी नेहमी टॉलपडलच्या सहा जणांची गोष्ट सांगतो. गुन्हा एक, न्यायाधीश एक, शिक्षा एक. खरं तर हे सहा जण नमुन्याचे कैदी नव्हेत. हद्दपार झालेले बहुतेक जण चोरटे होते, शहरातले, विशी-पंचविशीतले, पुष्कळांचा आधीही एखादा गुन्हा झालेला. पण त्या चोरट्यांनी मागे फारसं काही लिहून ठेवलं नाही. या सहांनी ठेवलं.

इंग्लंडच्या डॉर्सेट परगण्यातलं टॉलपडल हे छोटं गाव. शेतमजुरांची आठवड्याची मजुरी नऊ शिलिंगांवरून आठ आणि मग सात झाली. पुढे सहा करणार अशी बोलवा उठली. तेव्हा १८३३ मध्ये गावातल्या मजुरांनी संघटना काढली. पुढारी जॉर्ज लव्हलेस, शेतमजूर आणि मेथडिस्ट पंथाचा प्रवचनकार. त्याच्याबरोबर भाऊ जेम्स लव्हलेस, मेहुणा थॉमस स्टँडफील्ड, त्याचा मुलगा जॉन, शिवाय जेम्स ब्राइन आणि जेम्स हॅमेट. संघटना काढणं तेव्हा बेकायदा नव्हतं. मग सरकारने नौदलातल्या बंडानंतर केलेला १७९७ चा कायदा उकरून काढला. सभासद करून घेताना गुप्त शपथ दिली, हा गुन्हा ठरला. मार्च १८३४ मध्ये डॉर्चेस्टरच्या कोर्टात सहाही जणांना सात वर्षं हद्दपारी झाली. गावात सांगतात की हॅमेट त्या बैठकीला नव्हताच, त्याचा भाऊ होता. पण भावाची बायको गरोदर होती, म्हणून हा गप्प राहिला.

पाच जण 'सरी' नावाच्या जहाजातून एप्रिलमध्ये निघाले आणि ऑगस्टमध्ये सिडनीला उतरले. जॉर्ज आजारी पडला होता. त्याला मागाहून दुसऱ्या जहाजाने व्हॅन डीमेन्स लँडला, म्हणजे आजच्या टास्मानियाला नेलं. त्यालाही साडेतीन महिने लागले.

या जहाजांबद्दल भयंकर गोष्टी ऐकू येतात. त्या मुख्यतः १७९० मध्ये कैदी घेऊन आलेल्या जहाजांच्या दुसऱ्या तांड्याच्या आहेत. कंत्राट गुलामांचा व्यापार करणाऱ्या कंपनीला दिलेलं. पैसे ठरले माणशी १७ पौंड ७ शिलिंग ६ पेन्स, तेही जहाजात चढवलेल्या माणसामागे. जिवंत उतरवलेल्या माणसामागे नव्हे. मग व्हायचं तेच झालं. निघालेल्या हजारएक कैद्यांपैकी चौथा हिस्सा वाटेतच मेला. सरकारला शहाणपण यायला वेळ लागला, पण आलं. १८१४ मध्ये विल्यम रेडफर्न या डॉक्टरने मरणाऱ्यांबद्दल एक कडक अहवाल लिहिला (हा रेडफर्न स्वतः नौदलाच्या बंडात शिक्षा होऊन इथे आलेला कैदी!) आणि पुढच्या वर्षापासून प्रत्येक जहाजावर सरकारी डॉक्टर आला. त्यानंतर वाटेत शंभरातला एखादाच दगावे. तेव्हा विलायतेहून इथे यायला पैसे भरून निघालेले काही गरीब प्रवासीसुद्धा याहून वाईट अवस्थेत पोचत.

सिडनीला उतरलं की आधी वर्णन लिहून घेत. उंची, डोळ्यांचा रंग, वय, धर्म, लिहिता-वाचता येतं का, धंदा कोणता, अंगावर कुठे व्रण आहेत, काय गोंदलंय. टास्मानियातल्या नोंदी तर इतक्या बारीक आहेत की दीडशे-दोनशे वर्षांनी माणूस समोर उभा राहतो. दंडावर नांगर, मनगटावर बायकोच्या नावाची आद्याक्षरं. कैद्यांच्या या नोंदी २००७ मध्ये युनेस्कोच्या जागतिक स्मृतींच्या यादीत गेल्या. इंग्लंडातल्या कुठल्याही साध्या मजुराबद्दल इतकं लिहिलेलं तुम्हाला सापडणार नाही. गरिबाचं वर्णन सरकार लिहून ठेवतं ते त्याला पकडायचं असतं म्हणून.

पुढे वाटप. हॅमेट म्हातारपणी सांगत असे की नावांच्या चिठ्ठ्या टाकल्या होत्या. मालकांच्या एजंटांनी त्या उचलल्या, माणशी एक पौंड देऊन. एका पौंडाला गुलामासारखा विकला गेलो, हे त्याचे शब्द. त्याची चिठ्ठी निघाली ती आजच्या कॅनबेराजवळच्या मळ्याची. तिथवर तो पायी गेला.

जेम्स ब्राइनची चिठ्ठी निघाली हंटर नदीकाठच्या ग्लेंडनची. मालक रॉबर्ट स्कॉट, स्वतः मॅजिस्ट्रेट. निघताना ब्राइनला सरकारकडून कपडे, बूट, एक घोंगडी आणि अंथरूण मिळालं. वाटेत दरोडेखोरांनी ते लुटलं. अनवाणी, अंगावरच्या जुन्या कपड्यांनिशी तो मळ्यावर पोचला. स्कॉटचा विश्वास बसला नाही. खोटं बोललास म्हणून फटके मारीन, असं त्याने बजावलं. दुसऱ्या दिवशी ब्राइनला कुंपणाच्या खांबांसाठी खड्डे खणायला लावलं. फावड्यावर पाय देऊन देऊन तळव्याला चिरा पडल्या, तेव्हा त्याने लोखंडाच्या पट्टीचा तुकडा शोधून पायाखाली बांधला. सहा महिने नवे बूट नाहीत, कपडे नाहीत, अंथरूण नाही. झोप जमिनीवर. मग मेंढ्या धुवायला सतरा दिवस छातीभर पाण्यात उभा केला. सर्दी-तापाने फणफणला. काहीतरी पांघरायला द्या म्हणाला, तेही मिळालं नाही.

आणि सगळ्यांत लागतं ते हे, की यात स्कॉटने नियमाबाहेर फार काही केलं नव्हतं. कपड्यांचा वाटा ठरलेला होता, ब्राइनला तो मिळून चुकला होता आणि पुढच्या वाटपाची वेळ आली नव्हती.

थॉमस स्टँडफील्डचं वय पन्नाशीकडे झुकलेलं. त्याला मेटलंडजवळ मेंढ्या राखायला ठेवलं. रात्री निजायला सहा फूट लांब आणि दीड फूट रुंद लाकडी पेटी, तिच्यात एक घोंगडी. पेटीत पडल्या पडल्या आकाशातले तारे दिसत. दिवसभर मेंढ्यांमागे फिरायचं आणि सूर्य मावळल्यावर शिधा आणायला चार मैल चालायचं. मुलगा जॉन जवळच्याच एका मळ्यावर होता. तीन आठवड्यांनी त्याला बापाला भेटायची परवानगी मिळाली. तो पोचला तर बापाच्या अंगभर फोड उठलेले, उभं राहायची ताकद नाही. आणि हा मुलगा मात्र स्वतः त्या मानाने बऱ्या जागी पडला होता. मधलं अंतर काही मैलांचं.

जॉर्जला तिकडे टास्मानियात होबार्टजवळ सरकारी शेतावर गुरं-मेंढ्या राखायचं काम मिळालं. गळकी झोपडी, माणसांपेक्षा खाटा कमी, त्यामुळे नवख्याने जमिनीवर झोपायचं. एकदा सांभाळायला दिलेली गुरं कोंडवाड्यात गेली म्हणून त्यालाही कोठडी झाली. चौकशीअंती नुसती समज देऊन सोडला. नंतर रिचमंडजवळच्या मळ्यावर जो मालक मिळाला तो भला निघाला, आणि जॉर्जचे शेवटचे दिवस बरे गेले.

आता नियम काय होता ते सांगतो, म्हणजे हे नुसतं नशीब नव्हतं हे कळेल. कैद्याला पगार नाही. मालकाने अन्न, वस्त्र, निवारा द्यायचा. १८३१ च्या नियमाप्रमाणे आठवड्याला नऊ पौंड पीठ (किंवा बारा पौंड गहू), सात पौंड मांस आणि दोन-दोन औंस मीठ आणि साबण. सात पौंड म्हणजे तीन किलोहून जास्त. इंग्लंडमधल्या शेतमजुराला एवढं मांस सणावारीही दिसत नसे. चहा, साखर, तंबाखू नियमात नव्हते. ते द्यायचे की काढून घ्यायचे हे मालकाच्या हातात, आणि माणूस हाकायला ते चाबकापेक्षा जास्त उपयोगी पडत. मालकाला स्वतः फटके मारायची मुभा नव्हती. त्याने कैद्याला मॅजिस्ट्रेटपुढे न्यायचं. पण मॅजिस्ट्रेट कोण? शेजारचा जमीनदार. आज तू माझ्या माणसाला पन्नास ठोक, उद्या मी तुझ्या माणसाला ठोकतो. १८३२ मध्ये गव्हर्नर बर्कने एकट्या मॅजिस्ट्रेटला पन्नासच्या वर फटके देता येणार नाहीत असा कायदा केला, तेव्हा हेच जमीनदार चवताळून उठले होते.

अशी नीट वर्षं काढली की तिकीट. सात वर्षांच्या शिक्षेला चार वर्षांनी, चौदा वर्षांच्या शिक्षेला सहा वर्षांनी आणि जन्माच्या शिक्षेला आठ वर्षांनी. तिकीट मिळालं की स्वतःचं काम स्वतः शोधायचं, मजुरी आपली. मात्र नेमून दिलेला तालुका सोडायचा नाही, ठरल्या दिवशी हजेरी द्यायची. कुणाशी मारामारी झाली, की पुन्हा पहिल्यापासून. पुढे सशर्त माफी किंवा शिक्षा संपल्याचा दाखला. विलायतेला परतायचं भाडं सरकार देत नसे, त्यामुळे दाखला हातात असूनही बहुतेक जण इथेच राहिले.

जेवणावरून आठवलं. पहिल्या वर्षांत इथे उपासमार होती, तेव्हा 'अटलांटिक' नावाचं जहाज शिधा आणायला कोलकात्याला पाठवलं. जून १७९२ मध्ये ते परत आलं. तेव्हाच्या लिखाणात आणलेल्या मालाची नावं तांदूळ, 'सूजी' आणि 'ढोल' अशी आहेत. ढोल म्हणजे आपली डाळ. लंडनच्या गल्ल्यांतले खिसेकापू सिडनीत वरणभातावर दिवस काढत होते, या कल्पनेने मला अजून हसू येतं.

बायकांचं वेगळं सांगायला हवं, कारण वर सांगितलेली चौकट त्यांना लागू पडत नाही. एकूण कैद्यांत सुमारे २५,००० बायका. बहुतेकींना घरकामाला देत. गड्याला मालक निर्दय मिळाला तर रात्री निदान झोपडी तरी त्याची असे. मोलकरणीला मालकाच्याच छपराखाली झोपायचं. दिवस गेले की तिला मळ्यावरून परत पाठवत, सिडनीजवळच्या पॅरामॅटाच्या नाहीतर होबार्टच्या 'फिमेल फॅक्टरीत'. नाव फॅक्टरी, काम तुरुंगाचं, बाळंतपणाचं आणि धोबीघाटाचंही. बाळाचं दूध तोडलं की ते आईपासून वेगळं. तिथली बालकं फार मरत. बाप कोण हे सगळ्यांना ठाऊक असलं तरी त्याला कोण विचारतो? शिक्षा म्हणून केस कापत, आणि नोंदी वाचताना जाणवतं की एकान्त कोठडीपेक्षा बायका त्यालाच जास्त भडकत. १८२७ मध्ये पॅरामॅटाच्या बायकांनी शिधा कापला म्हणून दरवाजे तोडले, गावात घुसून पाव आणि मांस लुटलं आणि ते घेऊनच पुन्हा आत आल्या.

१८४१ च्या 'राजा' जहाजावरच्या बायकांनी वाटेत एक गोधडी शिवली. तुरुंगातल्या बायकांसाठी झटणाऱ्या एलिझाबेथ फ्रायच्या महिला मंडळाने त्यांना सुई-दोरा आणि कापडाचे तुकडे दिले होते. जवळजवळ तीन हजार तुकडे. ती आज कॅनबेराच्या राष्ट्रीय कलादालनात आहे, फार नाजूक झाल्याने क्वचितच बाहेर काढतात. कधी मांडली असेल तर जरूर बघा. टाके बघितलेत तर कळेल, काही हात सरावलेले आहेत आणि काहींनी सुई पहिल्यांदाच धरली आहे.

कुणाचं भलं झालंच नाही का? झालं की. तुमच्या पाकिटात वीस डॉलरची नोट उरली असेल तर तिच्यावरची बाई, मेरी रीबी, तेरा वर्षांची असताना मुलाच्या वेषात घोडा चोरल्याबद्दल पकडली गेली होती. १७९२ मध्ये इथे आली, ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीतल्या एका तरुणाशी लग्न केलं आणि नवऱ्यामागे सात मुलं सांभाळत जहाजं, गोदामं, घरं उभी केली. पण ती लवकर आली, जागा रिकाम्या असताना. हॅमेटच्या पिढीपर्यंत जमिनी वाटून झाल्या होत्या.

रिकाम्या म्हटलं खरं, पण त्या रिकाम्या नव्हत्या. म्हणून पुन्हा ब्राइनच्या मालकाकडे येतो. १० जून १८३८ ला मायल क्रीकच्या मळ्यावर बारा घोडेस्वारांनी निदान २८ आदिवासींना बांधून नेलं आणि कापून काढलं. बहुतेक बायका, मुलं आणि म्हातारी माणसं. बारांपैकी अकरा जण कैदी किंवा सुटलेले कैदी. मळ्यावरच्या झोपडीत दोन कैदी एकत्र राहत होते. चार्ल्स किल्मेस्टर संध्याकाळी त्या आदिवासींबरोबर नाचायचा, आणि त्या दिवशी तो मारेकऱ्यांबरोबर गेला. जॉर्ज अँडरसन गेला नाही. उलट त्याने कोर्टात उभं राहून साक्ष दिली. जमीनदार खवळले आणि आरोपींच्या वकिलांसाठी त्यांनी वर्गणी गोळा केली. त्यांचा म्होरक्या होता ग्लेंडनचा रॉबर्ट स्कॉट. ब्राइनला पांघरूण नाकारणारा तोच. १८ डिसेंबरला किल्मेस्टरसकट सात जण फासावर गेले. बारावा, एकटा जन्मापासून स्वतंत्र माणूस, कधीच सापडला नाही. स्कॉटचं मॅजिस्ट्रेटपद मात्र गव्हर्नर गिप्सने काढून घेतलं. कैद्यांबद्दल नुसती कणव वाटायला लागली की मी ही फाइल पुन्हा काढतो.

तोवर ब्राइन घरी पोचला होता. विलायतेत लोकांनी सह्यांचा डोंगर उभा केल्याने मार्च १८३६ मध्ये सहाही जणांना माफी मिळाली होती. पण ती त्यांना कुणी कळवेना. जॉर्जला वर्तमानपत्रातून समजलं. तरी तो लगेच निघाला नाही, कारण आधी त्याने बायकोला इकडे ये म्हणून पत्र घातलं होतं. पत्र जायला चार-पाच महिने आणि उत्तर यायला तेवढेच. ती समुद्रात असली आणि हा तिकडे पोचला तर? ती निघालेली नाही अशी खात्री झाल्यावर जानेवारी १८३७ मध्ये तो जहाजात बसला. दुसरे चौघे मार्च १८३८ मध्ये पोचले. हॅमेट मारामारीच्या आरोपात अडकला होता, तो ऑगस्ट १८३९ मध्ये.

पाच जण पुढे कॅनडात गेले. हॅमेट एकटा टॉलपडलला राहिला, गवंडीकामाला मजूर म्हणून. म्हातारपणी आंधळा झाला. घरच्यांवर भार नको म्हणून आपणहून डॉर्चेस्टरच्या गरीबखान्यात गेला आणि १८९१ मध्ये तिथेच वारला. गावच्या चर्चच्या आवारात त्याला पुरलं. सांगतात की कुणी संघटनेबद्दल भाषण करू नये म्हणून गावचा जमीनदार शेवटपर्यंत कबरीपाशी उभा होता.